लोखंड उघडं पडलं

चौथं बूच आत पडलं हे मिस्त्रींना डोळ्यांआधी कानांनी कळलं. ठोक्याबरोबर बूच जागच्या जागी फिरल्याचा घट्ट, भरीव आवाज यायला हवा होता. आला तो पोकळ खडखडाट, मग इंजिनाच्या पोटात खोल कुठेतरी बारीकशी 'टिंग', आणि पुढे काहीच नाही.

ज्यांचा इंजिनाशी संबंध किल्ली फिरवण्यापुरताच येतो, त्यांना थोडं सांगायला हवं. जुन्या गाड्यांची इंजिनं ओतीव लोखंडाची असतात. ओतताना आत पाणी फिरायला पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा ठेवतात, आणि नंतर ती वाळू बाजूच्या गोल भोकांतून काढून टाकतात. ती भोकं मग पत्र्याच्या लहानशा वाटीसारख्या बुचांनी बंद केलेली असतात. बूच जुनं झालं की कडेने पाणी झिरपतं, इंजिन तापतं आणि मालक भर रस्त्यात बॉनेट उघडून उभा राहतो. बूच काढायची रीत साधी आहे. पंच, म्हणजे बोथट टोकाची पोलादी कांडी, एका कडेला टेकवायचा, हातोडीचा बेताचा ठोका द्यायचा, की बूच भोकातच आडवं होतं. मग पक्कडीने धरून ओढून काढायचं. ठोका जरा जास्त बसला की ते आत पडतं, आणि पाण्याच्या वाटेत धोंड होऊन बसतं.

मिस्त्रींनी आयुष्यभर अशी बुचं काढली होती, तीही बोलता बोलता, तोंडात खिळा धरून. पण गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. चहाचा कप उचलताना थरथरायचा, म्हणून ते कप डाव्या हाताने उचलायला लागले आणि "डाव्याने प्यायलेला चहा जास्त गोड लागतो," असं सांगायला लागले. घरात सगळ्यांना कळत होतं. त्यांना वाटत होतं कुणालाच कळत नाही.

त्यातून मागच्याच आठवड्यात सून म्हणाली होती, "बाबा, हातोडीचं काम मी करते. तुम्ही स्टुलावर बसून सांगत जा."

ती चांगल्या मनानेच म्हणाली होती. मिस्त्रींच्या मात्र ते वर्मी लागलं. मुलगा दिवसभर खुर्चीत बसून कॉम्प्युटर बडवणारा, त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक सांगून ते थकले होते. गॅरेज हाती घेतलं ते सुनेने. हळूहळू गिऱ्हाइकंही आधी तिलाच विचारायला लागली होती. आता स्टूल दिलं, उद्या वरच्या मजल्यावरची आरामखुर्ची देईल. म्हणून आज ती नवी बुचं आणायला स्कूटरवरून बाजारात गेली, तेव्हा मिस्त्रींनी गपचूप हातोडी उचलली. ती परत येईपर्यंत चारही बुचं काढून ठेवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसायचं, असा बेत होता.

तीन निघाली. तिसरं काढताना तर ते शीळ घालत होते. चौथं अगदी मागे, जिथे हात वाकडा घालावा लागतो तिथे. ठोका द्यायच्या क्षणाला हात थरथरला, पंच कडेवरून मधोमध सरकला आणि बूच गेलं.

"अरे देवा," ते म्हणाले. शीळ आपोआप थांबली होती.

त्यांनी दांडीवरचं चुंबक आणलं आणि भोकातून आत सोडलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. गंजाचा चुरा चिकटून आला, एक जुनं वॉशर आलं, बूच काही येईना. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. या गाडीची बुचं पितळेची होती. त्यांनीच बसवली होती, फार वर्षांपूर्वी. "लोखंडी बूच गंजतं, पितळी घातलं की जन्माची कटकट मिटली," असं तेव्हा मालकाला छाती फुगवून सांगितलं होतं. पितळ गंजलं नाही हे खरं. पण पितळाभोवतीचं लोखंड गंजायचं ते गंजलंच. आणि चुंबक पितळाला काय धरणार? मिस्त्री दांडी हातात धरून उभे राहिले. स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होती.

सून नवी नवी कामाला लागली, तेव्हा तिच्या हातून एक बूच असंच आत पडलं होतं. गॅरेजचा नियम मिस्त्रींचाच: इंजिनाच्या पोटात पडलेलं बाहेर आल्याशिवाय आपल्या पोटात काही जायचं नाही. पोर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशी झगडत राहिली आणि तिने ते काढलं. मिस्त्रीही तिच्याबरोबर उपाशी राहिले होते, तेवढं त्यांच्या बाजूने बोलायला हवं. पण नंतर त्यांनी काय केलं, तर त्या बुचाला भोक पाडलं, तार ओवली आणि दाराशेजारी खिळ्याला टांगलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? आणि मिस्त्री रंगवून सांगायचे. तिचं नाव 'बूचबाई' पडलं. शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं: "काय करणार, आमच्या सुनेचा हात सढळ, इंजिनालाही घास भरवते!" त्यावर हशा ठरलेला. सूनही हसायची. ती का हसते, असा प्रश्न मिस्त्रींना कधी पडला नव्हता.

बाहेर स्कूटरचा आवाज आला.

पुढचं सगळं एका झटक्यात झालं. कोपऱ्यात भंगाराचा डबा होता. त्यात कुठल्याशा इंजिनातलं एक बूच वरच पडलेलं होतं, साधारण त्याच मापाचं, तोंडावर तसाच हिरवा रंग, मागे तसाच चिखलाचा थर. मिस्त्रींनी ते उचललं आणि इतर तीन बुचांच्या शेजारी वाटीत टाकलं. स्क्रू-नट हरवू नयेत म्हणून बुडाला चुंबक असलेली ती वाटी सुनेनेच आणली होती. कशात काय टाकतोय, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"सगळी काढलीत?" सुनेने हेल्मेट काढत विचारलं. तिची नजर आधी वाटीकडे आणि मग त्यांच्या हाताकडे गेली. "वा, बाबा!"

त्या 'वा' मध्ये कौतुक होतं, आनंदही होता. मिस्त्रींना ते ऐकवेना.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "मागचं भोक मी घासून ठेवलंय. तू पुढची तीन बघ."

तिने पॉलिश पेपरने भोकांच्या कडा लखलखीत घासल्या, बोटाने गळती रोखणारी पेस्ट फिरवली आणि पान्याचं मापाचं सॉकेट टेकवून एकेक बूच सरळ आत बसवलं. तिचा ठोका ऐकण्यासारखा होता. मिस्त्रींनीच शिकवलेला, आणि आता त्यांच्यापेक्षा चांगला. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. जे स्टूल आठवडाभर नको नको म्हटलं, त्यावर ते आज आपणहून बसले होते.

तिसरं बूच बसतंय तोच वरून मिस्त्रींच्या बायकोची, सासूबाईंची, हाक आली, "जेवायला या, दोघं!" घर गॅरेजच्या डोक्यावरच होतं.

मिस्त्री जेवले. इंजिनाच्या पोटात बूच तसंच असताना, स्वतःचा नियम घशाखाली ढकलत जेवले. घास तोंडात फिरत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आज गप्प गप्प?" सून म्हणाली, "अहो, सकाळी एकट्याने चारही बुचं काढलीत त्यांनी, दमले असतील." आणि तिने त्यांच्या ताटात, न विचारता, आणखी वाढलं. लाजेने मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते खाली मान घालून ताट चाटूनपुसून संपवून उठले, कारण टाकलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

जेवून खाली आल्याबरोबर त्यांनी चौथं नवं बूच हातात घेतलं. "हे मी बसवतो."

मनात हिशेब चालू होता. एकदा का हे बसलं की संपलं. आतलं आत राहील. कितीतरी गाड्या पोटात असलं काहीबाही घेऊन फिरतात, कुठे काय होतं? पण तसं नव्हतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बूच पडलं होतं ते शेवटच्या सिलिंडरमागे. तिथे पाणी अडलं की सपाट रस्त्यावर काही कळणार नाही, पण चढाला इंजिन भाजून निघेल. आणि गाडी होती दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टर दर रविवारी आपल्या म्हाताऱ्या आईला शेजारी बसवून डोंगरावर हवा खायला नेत. डोंगराच्या मधल्या वळणावर वाफ सोडत उभी राहिलेली गाडी आणि आत बसलेली म्हातारी मिस्त्रींना स्पष्ट दिसत होती. तरी त्यांनी बुचाला पेस्ट लावायला घेतली. माणूस असा असतो.

तेवढ्यात डॉक्टरच दारात. "काय मिस्त्री, पेशंट कसा आहे? दात काढून झाले, आता बसवताय वाटतं!" डॉक्टर स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसत.

"हे शेवटचं," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, मला मॅनिफोल्डच्या नटांना वाटी लागणार आहे," सून म्हणाली. पितळेच्या भंगाराचा डबा वेगळा असायचा. तिने तो पुढे ओढला आणि वाटी त्यावर पालथी केली.

खण, खण, खण. तीन पडली.

चौथं पडलं नाही. पालथ्या वाटीला खालून ते चिकटून राहिलं.

एखाद्याचं पितळ उघडं पडलं, असं आपण म्हणतो. मिस्त्रींचं लोखंड उघडं पडलं.

सुनेने वाटी हलवली. बूच ढिम्म. मग तिने ते बोटांनी सोडवलं, अंगठ्याने मागचा चिखल पुसला, त्याखालचा तांबडा गंज पाहिला, आणि पुन्हा वाटीजवळ नेलं. टक्. चिकटलं. तिने मागच्या उघड्या भोकाकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींच्या एका हातात नवं बूच होतं, दुसऱ्यात हातोडी.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, डॉक्टर," सून म्हणाली. "एक बूच आत पडलंय. माझ्या हातून. काढावं लागेल, त्याशिवाय गाडी देता येणार नाही. संध्याकाळी या."

"अरेरे, बूचबाई! पुन्हा?" डॉक्टर हसले आणि त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते ठरलेल्या वाक्याची वाट पाहत होते.

आणि मिस्त्री बोलले. बोलायचं मनात नव्हतं, पण जीभ इतक्या वर्षांची सरावलेली. "काय करणार," ते म्हणाले, "सुनेचा हात सढळ, इंजिनालाही घास भरवते."

डॉक्टर खो खो हसत गेले. सून या वेळी हसली नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं मिस्त्रींनी आजवर फक्त ऐकलं होतं. गॅरेजची फरशी मात्र जाड आणि तेलकट होती, ती काही दुभंगेना.

"बॅटरी धरा," सून म्हणाली.

तिने भिंतीवरून डॉक्टरांनीच कधीतरी दिलेला दात बघायचा छोटा आरसा काढला, एक लांब चोचीची पक्कड घेतली आणि इंजिनावर ओणवी झाली. मिस्त्री तिच्या खांद्यामागून उजेड पाडत राहिले. उजेड स्थिर राहीना. आरशातलं बूच एकदा दिसायचं, एकदा नाहीसं व्हायचं. त्यांनी बॅटरी डाव्या हातात घेतली, तरी बूच दिसेना. सुनेने एका हाताने त्यांचं मनगट धरलं आणि बॉनेटच्या कडेवर टेकवून ठेवलं. उजेड थांबला. त्यांना वाटलं, हिने दोन शब्द बोलावेत. ओरडावं, टोमणा मारावा. ती फक्त "थोडं वर" आणि "आता खाली" एवढंच बोलली.

खूप वेळाने बूच भोकाशी आलं, निसटलं, पुन्हा आलं आणि या वेळी बाहेर निघालं. मधोमध पंचाचा खोल खड्डा पडलेला होता. शिकाऊ माणसाने मारावा तसा. तिने ते चिंधीने पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. चौथं नवं बूच तिने स्वतः बसवलं. मिस्त्रींनी हात पुढे केला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. गाडी अंगणात घुमत होती, तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता, कुठे थेंब नव्हता. मिस्त्री पुढे झाले. दुपारभर त्यांनी वाक्य घोटून ठेवलं होतं.

"डॉक्टर, ते बूच हिच्या हातून पडलं नव्हतं. माझ्या हातून पडलं. आणि मी ते लपवलं."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा, मिस्त्री, वा! सुनेला सांभाळून घेताय!"

"नाही हो. खरंच सांगतोय. भंगारातलं लोखंडी बूच मी त्या वाटीत टाकलं, तिला फसवायला..."

"बास, बास! गोष्टसुद्धा किती बेमालूम रचलीत." डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. "सासरा असावा तर असा. आईला सांगतो, तिचा विश्वास बसणार नाही. आणि बूचबाई, तू नशीबवान आहेस हं!"

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तरी डॉक्टरांनी मानलं असतं. ती हात पुसत उभी राहिली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि पाठीवरची ती थाप मिस्त्रींना सकाळपासूनच्या सगळ्यापेक्षा जड झाली. खरं बोलून वर शाबासकी पदरात पडली होती, आणि ती परत कुणाला करायची?

"तू का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"मी का बोलू?" सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बूच कुणाच्याही हातून पडतं, बाबा. तुमचा हात मला दिसत नाही का? लपवलंत, तेही मी समजू शकते. डॉक्टरांना मी माझं नाव सांगितलं ते गॅरेजसाठी. पण घासाचं तुम्ही कशाला बोललात?"

मिस्त्रींकडे सवय एवढंच कारण होतं, आणि सवय म्हणजे इतकी वर्षं ते रोज हेच करत आले होते.

ते दाराशी गेले, टाचा उंचावून त्यांनी खिळ्यावरचं जुनं बूच काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे घे. फेकून दे."

तिने ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पुन्हा खिळ्याला टांगलं.

"ते माझंच आहे," ती म्हणाली. "ते मी खरंच पाडलं होतं. राहू दे तिथे. शेजारी तुमचं लावा."

मिस्त्रींनी पितळी बूच बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलं आणि ड्रिलने भोक पाडायला घेतलं. टोक दोनदा घसरलं. ती मदतीला आली नाही, आणि यायला नको होतं हे त्यांनाही कळत होतं. शेवटी भोक पडलं, वाकडं पडलं. त्यांनी तार ओवली, दुसरा खिळा ठोकला आणि बूच टांगलं. पंचाचा खड्डा दिसेल असं तोंड बाहेर करून.

तेवढ्यात सासूबाई काहीतरी सांगायला जिन्यावरून अर्ध्या उतरल्या आणि त्यांची नजर दाराकडे गेली.

"अगं बाई, दोन झाली? हे कधी पाडलंस गं?"

सून पाने पुसत होती. तिने पुढचा पाना उचलला.

"माझं आहे ते," मिस्त्री म्हणाले.

"काय?" सासूबाईंना हल्ली कमी ऐकू यायचं. "नीट बोला की. कुणाचं?"

समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून इकडे बघायला लागला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, सुनेच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"माझं! मी पाडलं! तिचं नाही!"